कुरकुरीची कैफियत

कलकत्त्याच्या दक्षिण भागातील लेक मार्केटात, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी मासळीच्या ओट्यांपुढे उभे राहावे, म्हणजे वार्धक्याची संपूर्ण कैफियत फुकट ऐकावयास मिळते. इलिशला पूर्वीची चव राहिलेली नाही. पद्मा नदीतला म्हणून जो गळ्यात मारतात तो डायमंड हार्बरचा असतो. काल रात्री पुन्हा ‘अंबल’, म्हणजे आम्लपित्त, झाले. गुडघा जिना चढू देत नाही. मुलगा बंगळुरास असून त्याचा फोन रविवारखेरीज येत नाही, आणि सून बोलते खरी, पण ऐकू येईल असे बोलत नाही. छत्री काखोटीस मारून ही फिर्याद विस्ताराने मांडणाऱ्या सत्तरीतल्या गृहस्थांची नवख्या मराठी माणसास कीव येते. मला मात्र, येथील दीर्घ वास्तव्यानंतर, त्यांची फारशी काळजी वाटत नाही, कारण गतवर्षीचा भाव स्मरून जो यंदाच्या भावाशी तंटा करू शकतो, त्याच्या मेंदूचे दप्तर बहुधा शाबूत असते.

काळजी करावी ती ज्याची कुरकुर अकस्मात बंद पडली त्याची. आमच्या आळीतील एक निवृत्त हिशेबनीस, ज्यांना लहानथोर ‘मेशोमोशाय’ (मावसोबा) म्हणतात आणि ज्यांनी उभ्या हयातीत मासेवाल्यास एक रुपया अधिक दिला नव्हता, ते पाचशेची नोट पुढे करून परत आलेले पैसे न मोजताच खिशात कोंबू लागले. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती मासेवाल्याच्या. घरची मंडळी ‘बाबा हल्ली किती शांत झाले’ म्हणून समाधानात होती. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी विस्मरणाच्या जोडीने, क्वचित त्याच्याही आधी, औदासीन्य येते, आणि ते आपल्या सोयीचे असल्यामुळे आपण त्याला वैराग्य समजतो. मेंदूतील हिप्पोकॅम्पस नामक भाग, जेथे नव्या घटनांची आवक-बारनिशी होते, तो अल्झायमरच्या विकारात आधी झिजतो. म्हणून सकाळचा चहा घेतल्याची नोंद राहत नाही, पण 1965 सालच्या बदलीचा हुकूम तारखेसह आठवतो.

म्हणूनच वृद्धांच्या तक्रारी निकालात काढण्यापूर्वी त्यांचा तपशील वाचावा. ‘सून ऐकू येईल असे बोलत नाही’ ही तक्रार सुनेविरुद्ध नसून बहुधा कानाविरुद्ध असते. आणि 2024 साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी 14 टाळता येण्याजोगी कारणे नोंदली, त्यांत बहिरेपणाचे स्थान बरेच वरचे आहे. अंबलाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. वर्षानुवर्षे आम्ल दाबणाऱ्या गोळ्या घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व शरीरात नीट शोषले जात नाही, आणि त्याच्या अभावाने होणारे विस्मरण वेळीच ओळखले तर पुष्कळदा सुधारते; थायरॉइडची मंदता, खिन्नता, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, हीही त्याच पंक्तीतली. ‘वय झाले’ असा शेरा मारून फाइल बंद करणारे नातलग ही चौकशीच होऊ देत नाहीत.

कलकत्त्यात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण तरुण मंडळी येथून निघून जातात. 2001 ते 2011 या दशकात महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. बंदोबस्त अगदीच नाही असे नाही: ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या जोगिणी 1882 पासून येथे निराधार वृद्धांना सांभाळीत आल्या आहेत, आणि 2009 पासून शहर पोलिसांची ‘प्रणाम’ योजना एकट्या वृद्धांची विचारपूस करते. परंतु खरा भार वाहते ती ‘आया’. पहाटेच्या लोकलने कॅनिंग किंवा लक्ष्मीकांतपूरहून उभ्याने येऊन, आया सेंटरच्या चिठ्ठीवर बारा तासांची पाळी करणारी ही बाई एकाच प्रश्नाचे उत्तर दिवसभरात किती वेळा देते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आणि चोरीचा आळ येतो तोही तिच्याच माथी. 1901 साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेली ऑगस्टे डेटर, जिची हकीकत आलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये प्रथम मांडली, तिच्या दुखण्याची सुरुवात विस्मरणाने नव्हे, तर नवऱ्यावरील निराधार संशयाने झाली होती. येथील एखाद्या आजींनाही बांगड्या कोठे ठेवल्या हे आठवत नाही आणि आपणच त्या ठेवल्या हेही आठवत नाही, अशा मनाला चोर हाच एक तर्कशुद्ध खुलासा उरतो. मात्र इलिशच्या भावाची जुनी कुरकुर आणि पूर्वी कधी न केलेला हा नवा आरोप यांतील भेद घरच्यांना कळत नाही. ते आजीची समजूत पटावी म्हणून आयेला काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सेंटर नवी बाई पाठविते, तिचा चेहरा अनोळखी असल्याने संध्याकाळनंतरचा गोंधळ वाढतो, बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडतात, आजी त्या जपून ठेवतात, आणि पंधरवड्याच्या आत त्या पुन्हा चोरीस जातात.