जनरेट दाबल्यावर आपला कोड कुठे जातो?

आजचा भाग एम्बेडेडवाल्यांसाठी आहे. एसटीएम३२ वर काम करणाऱ्या बहुतेकांचा क्यूबएमएक्सशी संबंध येतोच. पिना निवडा, क्लॉक लावा, जनरेट दाबा, की मांडणी तयार. खरा प्रश्न दुसऱ्यांदा जनरेट दाबताना येतो. तोपर्यंत त्या फायलींत आपण बरंच काही लिहिलेलं असतं. त्यातलं काय टिकणार?

नियम तसा सोपा आहे. जनरेट झालेल्या फायलींत 'यूजर कोड बिगिन' आणि 'यूजर कोड एंड' अशा कमेंटच्या जोड्या असतात. जोडीच्या आतलं राहतं, बाहेरचं जातं. यासाठी प्रोजेक्ट मॅनेजरमधल्या कोड जनरेटर टॅबवर 'कीप यूजर कोड' हा पर्याय टिक केलेला हवा. आणि खुणा टूलच्याच हव्यात. आपण स्वतः नवीन नावाची जोडी बनवली, किंवा आहे तिचं नाव बदललं, तर टूल तिला ओळखत नाही.

आता गंमत बघा. मेन फाईलमधल्या व्हाईल लूपमध्ये आधी 'एंड व्हाईल' येतं, मग एक रिकामी ओळ, मग 'बिगिन ३'. ती रिकामी ओळ लूपच्या आत आहे, पण कुठल्याच जोडीच्या आत नाही. तिथे लिहिलेला कोड छान चालतो, फक्त पुढच्या जनरेटपर्यंत!

याहून महागात पडतं ते वेगळंच. समजा, आपलं बोर्ड आरएस-४८५ वरून एका वीजमीटरशी बोलतंय आणि मीटर ९६०० बॉडवर आहे. कोणीतरी युआर्टच्या इनिट फंक्शनमध्ये ११५२०० च्या जागी हाताने ९६०० लिहिलं. महिन्याभराने दुसऱ्याने एक एलईडीची पिन वाढवायला जनरेट केलं. बॉड परत ११५२००. कंपाइल व्यवस्थित, एकही वॉर्निंग नाही, आणि साइटवर मीटर गप्प. म्हणून जी सेटिंग क्यूबएमएक्सच्या स्क्रीनवर आहे, ती तिथेच बदलायची. आयओसी फाईल हाच मूळ दस्तऐवज. सी फाईल ही त्याची प्रत.

जोडीच्या आतला कोडही अमर नाही बरं का. एखादं पेरिफेरल बंद केलं, की त्याचं इनिट फंक्शनच पुन्हा तयार होत नाही, आणि त्याच्या पोटातला आपला कोडही जातो.

मग मी काय करतो? जनरेट होणाऱ्या फायलींत कमीत कमी लिहितो. 'बिगिन २' मध्ये एक ओळ, माझ्या ॲपच्या इनिटची. 'बिगिन ३' मध्ये एक ओळ, ॲपच्या लूपची. बाकी सगळं वेगळ्या फोल्डरमधल्या माझ्या फायलींत. कॉलबॅकसुद्धा तिथेच, कारण एचएएलमध्ये ते 'वीक' म्हणून लिहिलेले असतात. त्याच नावाचं आपलं फंक्शन असलं की लिंकर आपलं घेतो. मात्र स्पेलिंग अक्षरशः तेच हवं. एक अक्षर चुकलं तर लिंकर मुकाट्याने एचएएलचं रिकामं फंक्शन घेतो, आणि तेव्हाही एरर येत नाही.

एचएएलच्या स्वतःच्या फायलींत बदल करावाच लागला तर? तिथे आपल्यासाठी जोड्या नसतात. अशा वेळी बदलाची पॅच फाईल रेपोमध्ये ठेवायची. जनरेशननंतर आपली स्क्रिप्ट चालवायची सोय क्यूबएमएक्समध्ये आहे, त्या स्क्रिप्टमधून पॅच लावायची. लायब्ररी बदलल्यामुळे पॅच बसली नाही, तर निदान आरडाओरडा तरी होतो.

आणि शेवटची सवय, सगळ्यात स्वस्त: जनरेटच्या आधी कमिट, नंतर गिट डिफ. लाल ओळी एकेक करून वाचा. एलईडीची एक पिन वाढवली असताना युआर्टच्या फाईलमध्ये लाल ओळ दिसली, तर थांबायचं. दोन मिनिटं जातात, पण साइटवरची फेरी वाचते.

तुमच्या टीममध्ये यासाठी काय पद्धत आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!