रोशा गवताची ओळख

सातपुड्याच्या उतारांवर आश्विनात गवताला तांबूस झाक येऊ लागते. दुरून पाहणाऱ्यास ते सारे एकच गवत वाटते. परंतु निमाड, बैतूल, मेळघाट आणि खानदेश येथील डोंगरकरी त्यातले रोशा गवत अचूक वेगळे काढतात. संस्कृतातील रोहिष ते हेच, असे पुष्कळ वैद्य मानतात.

हे गवत बहुवर्षायू होय. पावसाळा संपला तरी त्याचे ठोंब जमिनीत जिवंत राहते व पुढील वर्षी पुन्हा फुटते. त्याची उंची पाच ते आठ फूट भरते. ओळखण्याची पहिली खूण पानाच्या बुडाशी पाहावी. तेथे पान रुंद व हृदयाकार असून त्याने खोडाला मिठी मारलेली असते. गवती चहाचे पान बुडाकडे निमुळते होत जाते व चुरडल्यास लिंबाचा वास देते. रोशाचे पान चुरडले की गुलाबाची आठवण यावी असा गंध सुटतो. वाळ्याचा सुगंध केवळ मुळांत, पानांत नव्हे. कुसळी गवताची तर गोष्टच नको. त्याची कुसळे धोतरात शिरली म्हणजे ओळख आपोआप पटते! रोशाचा फुलोरा जोडीजोडीने येतो आणि त्याला वेढणारी लहान पाने पक्व होताना लालसर होतात.

याचे दोन प्रकार आहेत. उघड्या, उन्हाच्या, कोरड्या उतारावर वाढतो तो मोतिया. सखल व ओलसर जागी दाटीने वाढतो तो सोफिया. दिसण्यात दोघे इतके सारखे की नाकावरच भिस्त ठेवावी लागते. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे द्रव्य तीन चतुर्थांशांहूनही अधिक असते, आणि गुलाबाच्या अत्तरातही तेच द्रव्य आहे. सोफियाचे तेल उग्र, आल्याची आठवण देणारे. कापणाऱ्याने दोन्ही एकाच भाऱ्यात बांधली, तर साऱ्या तेलाचा भाव उतरतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून हे तेल कॉन्स्टँटिनोपलला जाई व बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. खानदेशातील भट्ट्या ओढ्याकाठी असत; कढईतील वाफ बांबूच्या नळ्यांतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यांत नेत.

शास्त्रीय नावातील ‘मार्टिनी’ हा शब्द जनरल क्लॉड मार्टिन याच्यावरून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत त्याने याचे बी गोळा केले होते. गुरे हे गवत आवडीने खातात व मग दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, ही त्याची माहिती रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवून ठेविली आहे.

तेल मुख्यत्वे फुलोऱ्यात व पानांत असल्यामुळे कापणी फुलोऱ्याच्या वेळी करतात. ती विळ्याने, टीचभर बुंधा राखून करावी. उपटून काढले, तर मुळांत तेल नसल्याने हाती अधिक काहीच येत नाही, आणि ठोंब मात्र कायमचे जाते.