ठसका न लागणारा घास

‘गिळणे’ या क्रियापदाला मराठीत फारसा मान नाही. आपण राग गिळतो, अपमान गिळतो आणि वैतागलेली आई ‘गिळा आता’ म्हणून ताट पुढे सरकवते. जणू गिळायला काही करावंच लागत नाही! प्रत्यक्षात एका घासासाठी स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच चेता राबतात. घास घशातून उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर उचललं जाऊन मिटतं आणि अन्ननलिकेचं दार उघडतं.

हा सगळा खेळ सुरू होतो तो एका निरोपावर. घशाचं अस्तर ‘घास आला’ असं कळवतं आणि मग मस्तिष्कपुच्छातलं केंद्र स्नायूंना क्रमाने हाका मारतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या स्वरयंत्राची संवेदना नेणारी चेता बधिर केली होती. स्नायू धडधाकट होते, तरीही घशात गोळा अडकल्यासारखं वाटू लागलं आणि काहींच्या बाबतीत द्रव श्वासमार्गात शिरला. गिळण्यात ताकदीइतकाच वाटा जाणिवेचा असतो, हे त्यातून दिसलं.

पक्षाघात ही जाणीवच पुसट करू शकतो. किती रुग्णांना गिळताना अडचण येते, याचा आकडा तपासणीच्या पद्धतीवर ठरतो. २००५ सालच्या एका आढाव्यानुसार वरवरच्या चाचणीत तो ३७ ते ४५ टक्के येतो. क्ष-किरणांसारख्या साधनांनी पाहिलं तर ६४ ते ७८ टक्के. मधल्या तफावतीचं एक कारण भयंकर आहे. पाणी श्वासनलिकेत जातं, पण ठसकाच लागत नाही. घरच्यांना वाटतं, छान पितायत. चार दिवसांनी ताप येतो आणि न्यूमोनिया निघतो.

मी वैद्यक शिकलेलो नाही. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण ‘घोटभर पाणी तरी द्या हो’ म्हणत असे आणि नळीतून अन्न घेणारे वडील माझ्याकडे बघत राहत. त्या आग्रहाला उत्तर द्यायचं म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

पुसट झालेला निरोप मोठ्याने पोचवायचा, हे संवेदनाधारित उपचारांचं सूत्र. सर्वांत जुना मार्ग थंडीचा. बर्फात गार केलेला छोटा आरसा घशाच्या तोंडाशी असलेल्या कमानींवर फिरवतात. लगेचचा घोट लवकर गिळला जातो. पण हा परिणाम टिकतो, याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. दुसरा मार्ग आंबटाचा. अमेरिकेतील जेरी लोगमन यांच्या गटाने १९९५ साली निम्मा लिंबाचा रस मिसळलेला घोट क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा गिळणं लवकर सुरू झालं. तिसरा मार्ग तिखटाचा. तिखट ही खरं तर चव नाहीच. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना मिरची-मिरे चेतवतात. जपानमधल्या तोहोकु विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली वृद्धाश्रमांतल्या १०५ वृद्धांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्या मिऱ्याच्या तेलाचा वास महिनाभर रोज घेणाऱ्यांचं गिळणं अधिक लवकर सुरू होऊ लागलं. अर्थात, गिळणं लवकर सुरू झालं म्हणजे न्यूमोनिया टळलाच असं नव्हे.

चौथा मार्ग विजेचा. नाकातून घशात सोडलेल्या नळीवरचे विद्युतअग्र घशाच्या अस्तराला सौम्य झटके देतात. २०१६ साली १६२ रुग्णांवरच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारांत फरक दिसला नाही. २०१८ साली मात्र, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागलेल्या ६९ रुग्णांत चित्र वेगळं होतं. खरा उपचार मिळालेल्या ३५ पैकी १७ जण ती नळी काढण्याजोगे झाले. खोटा उपचार मिळालेल्या ३४ पैकी ३. एकच उपचार सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे या दोन निकालांवरून ध्यानात घ्यावं.

लिंबू आणि मिरे आपल्या फडताळातच असतात, म्हणून धोका मोठा. हे वाचून कुणी रुग्णाला चमच्याने लिंबूपाणी पाजू नये. पातळ द्रव सर्वांत वेगाने घसरतो आणि फुप्फुसात गेलेलं आम्ल इजा करतं. प्रयोगातला घोट मोजलेला होता आणि तो कुठे जातो हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून पक्षाघातानंतर तोंडावाटे काहीही देण्याआधी ‘गिळण्याची तपासणी झाली का?’ हे डॉक्टरांना विचारावं. आपल्याकडे हे काम बहुधा स्पीच थेरपिस्ट करतात. अनेकांना ते फक्त बोलणं शिकवतात असं वाटतं. परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवून, घास लहान ठेवून भरवावं आणि तोंड रोज स्वच्छ करावं. घोटानंतर आवाज ओला, घरघरता झाला तर थांबावं आणि डॉक्टरांना कळवावं. ठसका लागला नाही, एवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नये. आग्रह ही आपल्या पंगतीची रीत आहे. या एका ताटापाशी ती पाळू नये.