दुखणे दाढेचे, त्रास नाकाचा

नाकाच्या एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव वाहणे, त्याच बाजूचा गाल जड होणे, घशात पू उतरल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसू लागली म्हणजे सर्दी जुनाट झाली असे सामान्यतः समजण्यात येते. वाफारे, थेंब आणि गोळ्या यांचा क्रम महिनोगणती चालतो. औषध चालू असेतो बरे वाटते व ते थांबविताच दुखणे पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी विकाराचे मूळ नाकात नसून वरच्या दाढेत असू शकते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. मग ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी उपचाराची गत होते. म्हणून या विकाराची व त्यावरील शस्त्रक्रियेची माहिती वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

चेहऱ्याच्या हाडांत नाकाशी जोडलेल्या ज्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांस सायनस म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठी पोकळी वरच्या जबड्याच्या हाडात, डोळ्याच्या खाली आणि दाढांच्या वर असते. प्रौढ माणसात तिचे आकारमान सुमारे १५ घन सेंटिमीटर भरते. दाढांची मुळे ज्या हाडात रोवलेली असतात, तेच हाड या पोकळीची जमीन होय. पहिल्या व दुसऱ्या मोठ्या दाढेची मुळे तिला विशेष निकट असून, कित्येकांच्या बाबतीत मधले हाड कागदाइतके पातळ असते. पोकळीचे नाकात उघडणारे द्वार मात्र तळाशी नसून वरच्या अंगास असते. आतील अस्तरावरील सूक्ष्म केस श्लेष्मा वर ढकलीत त्या द्वाराकडे नेतात. अस्तर सुजले की द्वार बुजते, केसांचे कार्य मंदावते आणि आत पू साचू लागतो.

दातातून हा संसर्ग निरनिराळ्या मार्गांनी वर जातो. किडीने दाताचा गाभा मरून मुळाच्या टोकाशी पू होतो, किंवा हिरड्यांचा विकार हाड पोखरीत जातो. दाढ काढताना कधी तोंड व पोकळी यांमध्ये छिद्र पडते, अथवा मुळाचा तुकडा वर सरकतो. कृत्रिम दातासाठी बसविलेला खुंट किंवा मुळात भरलेले द्रव्य पोकळीत शिरल्यानेही त्रास उद्भवतो. अशा द्रव्याभोवती काही वेळा बुरशीचा गोळा वाढलेला आढळतो.

येथे एक प्रश्न सहजच उद्भवतो : मूळ दातात असेल तर दात दुखत कसा नाही? त्याचे कारण असे की, गाभा मेलेल्या दातास उष्ण-शीताची जाणीव राहत नाही. आणि पुवाला वर वाट मिळाल्याने दाब साचत नाही. म्हणून दात न दुखणे हा दात निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. साध्या क्ष-किरण चित्रातही हा दोष पुष्कळदा निसटतो. २०२१ साली विविध देशांच्या तज्ज्ञांनी या विकाराच्या निदानाविषयी जे एकमत प्रसिद्ध केले, त्याचा आशय हाच की, कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने नाक पाहावे, दंतवैद्याने दात तपासावा आणि दोघांचे निष्कर्ष जुळवून निदान ठरवावे. सीटी स्कॅनमध्ये पोकळी व दातांची मुळे एकत्र पाहता येतात.

या पोकळीचा व दातांचा संबंध वैद्यकास नवा नाही. इंग्लंडमधील वैद्य नॅथॅनिएल हायमोर याने १६५१ साली आपल्या शरीररचनेवरील ग्रंथात तिचे वर्णन केले व दात काढल्यामुळे ती उघडी पडलेल्या एका स्त्रीची हकीकतही दिली. त्यानंतर विल्यम कूपर याने दाढ काढून तिच्या खळग्यातून पोकळी धुण्याची रीत अवलंबिली. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ साली व पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ साली, ओठाखालून हाडास खिडकी पाडून आतील रोगट अस्तर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यामुळे गालास सूज येई व काहींस बधिरताही राही. पुढे असे दिसून आले की, द्वार मोकळे केल्यास सुजलेले अस्तर बहुधा आपोआप सुधारते. या तत्त्वावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्बिणीची शस्त्रक्रिया उदयास आली. तीत चेहऱ्यावर वा तोंडात छेद न घेता नाकपुडीतूनच द्वार रुंद करून पू काढण्यात येतो. जुनी पद्धत आता निवडक प्रसंगीच योजितात.

परंतु शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने केली, तरी दूषित दात तसाच राहिल्यास विकार परतण्याचा संभव असतो. दात वाचण्याजोगा असेल तर मुळाची नळी स्वच्छ करून भरतात. नसेल तर तो काढावा लागतो. पुष्कळ रुग्ण एवढ्यानेच बरे होतात. न झाल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. त्रास तीव्र असल्यास ती आधीही करण्यात येते. दाढ काढल्याने पडलेले लहान छिद्र बहुधा आपोआप भरून येते. सुमारे ५ मिलिमीटरहून मोठे असल्यास हिरडी, टाळू किंवा गालातील चरबीचा पदर ओढून ते बंद करतात. मात्र पोकळीत पू असता छिद्र शिवल्यास टाके टिकत नाहीत. म्हणून आधी अथवा त्याच वेळी पोकळी स्वच्छ करणे अगत्याचे असते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, नळीने पेय ओढू नये व धूम्रपान कटाक्षाने टाळावे.

हा विकार अंगावर काढण्याजोगा नाही. संसर्ग क्वचित डोळ्याच्या खोबणीत वा मेंदूपर्यंत पोहोचतो. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, तीव्र डोकेदुखी अथवा मोठा ताप आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांनी तर विशेष सावध राहावे.

तूट एका खात्यात आणि तपासणी दुसऱ्याच खात्याची, असे झाल्यास हिशेबाचा मेळ कधीच बसत नाही, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. एकाच बाजूची दुर्गंधीयुक्त सर्दी लांबल्यास नाकाच्या वैद्यास दातांची हकीकत व दंतवैद्यास नाकाची हकीकत अवश्य सांगावी; आणि शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी, ‘वरच्या दाढा तपासल्या काय?’ एवढा एक प्रश्न विचारावा. त्या प्रश्नाने पुष्कळ क्लेश, काळ आणि द्रव्य वाचण्याचा संभव आहे.