पाणी किती फूट, कुत्रं किती इंच

पहाटे साडेपाच. जुलैत कोल्हापूर उठतं ते एकच चौकशी करत: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथं शाळकरी पोरंही सांगतील. माझा धंदा कुत्र्यांची ने-आण आणि पिंजरे भाड्यानं देण्याचा, त्यामुळं तो आकडा मला चहाआधी लागतो. आज 36. म्हणजे दुपारपर्यंत फोन येणार.

साडेसहा. काल परत आलेले पिंजरे गच्चीवर धुतो. फिनेलचा वास आला की गिऱ्हाइकाचं समाधान होतं, पण पार्व्होचा विषाणू फिनेलला फारसा जुमानत नाही. आधी साबणानं घाण काढायची, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून ते दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि खळखळून धुवायचं. भाड्याच्या पिंजऱ्यात लस न झालेलं पिल्लू बसणार असेल तर यात कंटाळा चालत नाही.

नऊ. पाचगावात एका कारवानी कुत्र्याचं माप. मालकांनी आधीच ऑनलाइन घडीचा पिंजरा मागवून ठेवलाय.

“खोक्यावर पंचवीस किलोपर्यंत लिहिलंय की. आमचा बावीसचाच हाय.”

ही किलोची गणितं आखूड पायांच्या, भरल्या अंगाच्या कुत्र्यांवरून बेतलेली. कारवानी म्हणजे नुसते पाय, छाती आणि मान. टेप लावली. डोक्यापर्यंत उंची तेहतीस इंच, पिंजरा पंचवीस. आत गेलं तर बिचारं वाकून उभं राहणार. विमानवाले जे माप धरतात तेच मी गाडीलाही धरतो: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, रुंदी खांद्याच्या दुप्पट, उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत, कान उभे असले तर कानाच्या टोकापर्यंत, आणि वर अंथरुणाची जाडी. कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. “मग सगळ्यात मोठाच घेऊ की,” मालक म्हणाले. तेही नको. गगनबावड्याच्या घाटात ब्रेक दाबला की सैल पिंजऱ्यात कुत्रं आपटतं.

अकरा. तयार माल बसत नसला की शिवाजी उद्यमनगर. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या गावात पिंजरा होईना असं कसं? चौकोनी पाइप, वेल्डेड जाळी, खाली पत्र्याचा सरकता ट्रे, कोपऱ्याला बिजागऱ्या. कारागिराला दोनच गोष्टी बजावतो. जाळीतून पंजा किंवा जबडा अडकता कामा नये, आणि वेल्डिंगचे काटे आतून हात फिरवून घासायचे. ट्रे सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्याला थाळी वाजल्यासारखा वाजतो आणि कुत्रं पिंजऱ्याचंच वैरी होतं. खाली रबराची पट्टी लावून घेतो. असा पिंजरा टिकतो दांडगा, पण जड होतो. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं यात पडू नये. कापडी, चेनचा पिंजरा हलका असतो. दात शिवशिवणाऱ्या पिल्लाला तो एका रात्रीचा खेळ.

दोन. पाणी 37 फूट 8 इंच, आणि सुतारवाड्यातून फोन. पंचगंगेचं पाणी आधी शिरतं त्या वस्त्यांपैकी ही एक. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेली माणसं आता वाट बघत बसत नाहीत, भांडी-अंथरुणं आधीच हलवतात. बहिणीकडं जायचंय, पण तिच्या घरी लहान मूल, म्हणून कुत्रं पिंजऱ्यात हवं. कुत्र्यानं मात्र जन्मात पिंजरा पाहिलेला नाही. ढकलून आत घालायला गेलं तर चार पाय चार दिशांना जातात. म्हणून प्लॅस्टिकचा, वरचं झाकण स्क्रूनं सुटणारा पिंजरा नेला. झाकण काढलं, तळात त्याचंच गोणपाट आणि भाकरीचा तुकडा टाकला. ते बसलं तसं वहिनींनी डोक्यावर हात ठेवला आणि मी झाकण बसवलं. गळ्यातला पट्टा आणि साखळी काढली. आत अडकली तर फास बसतो. तीन बाजूंनी चादर टाकली, एक वाऱ्याला मोकळी ठेवली. दिसणं कमी झालं की बिथरणं कमी होतं. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते रानात नेताना डोळ्यांवर टोपी चढवत, त्यामागंही हीच अक्कल. गाडीत पिंजरा पट्ट्यानं बांधला आणि निघालो.

साडेचार. औषधं, डिझेल, उधारीची वसुली. सांगण्यासारखं काही नाही.

सात. रेल्वे स्टेशन. मुंबईला बदली झालेलं कुटुंब आणि त्यांचा लॅब्राडोर. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळाला तर कुत्रं मालकासोबत. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं, तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. रेबीजच्या लसीचा कागद आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला पार्सल ऑफिसात दाखवला. “झोपेची गोळी देऊ का?” साहेबांनी विचारलं. मनानं देऊ नका म्हटलं. गुंगीत श्वास आणि तोल दोन्ही बिघडू शकतात. पोट हलकं ठेवा, पाणी तेवढं द्या. कूपे मिळाला.

दहा. जेवताना फोन. दिवाळीत गावी जायचंय, पिंजरा आदल्या दिवशी न्यायला येऊ का? ताई, आत्ताच न्या म्हटलं. दार काढून बैठकीच्या खोलीत ठेवा आणि दूध-भाकरी आतच द्या. चूक केली म्हणून कधी आत कोंडू नका. आपण होऊन आत झोपायला लागला की मग दार बसवू.

“पण एवढ्या महिन्यांचं भाडं?”

घरात रुळवायचं भाडं मी घेत नाही, अनामत घेतो.