भिंगाची निगा

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यास विषयांची वानवा नाहीं. तुळजापुरास नवरात्रांत कुंकवानें लाल झालेल्या पायऱ्या, नळदुर्गास खंडोबाच्या यात्रेंत उधळलेला भंडारा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं बोरी नदीवर बांधलेल्या पाणीमहालावरून पावसाळ्यांत कोसळणारे नर-मादी धबधबे, परांड्याच्या तटावरून दिसणारी उन्हाळी वावटळ, हीं सारीं दृश्यें टिपण्याजोगीं आहेत. परंतु तें कुंकू, तो भंडारा, तुषार आणि धूळ भिंगावरही येऊन बसतात. मग खिशांतला रुमाल अथवा साडीचा पदर पुढें होतो, आणि खरें नुकसान होतें तें त्या क्षणीं. भिंग धुळीनें सहसा बिघडत नाहीं. धूळ पुसण्याच्या घाईनें बिघडतें.

ह्याचें कारण साधें आहे. धुळींत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. कठिणपणाच्या ज्या मापांत हिरा १० धरतात, त्यांत क्वार्ट्झ ७ आणि भिंगाची काच साधारणतः ५ ते ६ येते. तेव्हां धुळीवर कोरडा रुमाल फिरविणें म्हणजे काचेवर पॉलिश-कागद घासणेंच होय. शिवाय काचेवर एक नाजूक लेप असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा सुमारें ४ प्रकाश परत फिरतो. तो वांचविण्यासाठीं प्रकाशलहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतका पातळ लेप देण्याची युक्ति जर्मनींतील झाइस कारखान्याचे अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं काढली. भिंगावर दिसणारी जांभळट झांक ती हीच. ती खरवडली गेल्यास घरीं भरून येत नाहीं.

उलट, पुढच्या काचेवरील दोन-चार कण छायाचित्रांत उमटतही नाहींत. बोटाचा तेलकट ठसा मात्र उन्हाकडे तोंड करतांच चित्र फिकें करतो. म्हणून स्वच्छता करावी ती गरजेपुरती आणि क्रमानें. प्रथम भिंग खालीं तोंड करून धरावें व रबरी फुग्यानें वारा मारावा. तोंडानें फुंकर घालूं नये. तिच्याबरोबर थुंकीचे तुषार जातात. नंतर केवळ ह्याच कामासाठीं ठेवलेला मऊ कुंचला हलकेच फिरवावा. इतक्यानेंही डाग राहिला, तरच भिंगासाठीं मिळणाऱ्या द्रवाचा एखादा थेंब मऊ कापडावर घ्यावा, काचेवर टाकूं नये, आणि मध्यापासून कडेकडे वर्तुळाकार पुसावें. भंडारा ओल्या कापडानें कधींही चोळूं नये. हळदीचा रंग पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. तो पसरतो मात्र. धबधब्याचे तुषार तेथल्या तेथें टिपून घ्यावेत. ते वाळले कीं क्षारांचे डाग राहतात.

आतां संरक्षण. भिंगापुढें रंगहीन फिल्टर लावल्यास घाव तो सोसतो, आणि फिल्टर बदलणें भिंग बदलण्याहून पुष्कळ स्वस्त पडतें. परंतु त्याच्याबरोबर आणखी दोन पृष्ठें येतात. रात्रीं दीपमाळेचें वा आरतीचें चित्र घेतांना त्यांवरून ज्योतींचीं फसवीं प्रतिबिंबें पडतात; अशा वेळीं फिल्टर काढावा. फिल्टरही भिंगाप्रमाणेंच पुसावा. दुहेरी कड्याचा पोलरायझर पाण्यांत बुडवूं नये. भिंगावरील हूड ऊन व धक्का दोन्ही अडवितो. उधळणींत भिंग बदलणें तर कटाक्षानें टाळावें.

पावसाळ्यांत शत्रु निराळा. हवेंत शेंकडा ६० हून अधिक आर्द्रता दीर्घकाळ राहिली, कीं भिंगाच्या आंत बुरशी धरूं लागते. तिच्या आम्लांनीं लेपच नव्हे, तर कांचही झिजते. कातडी पेटी ओलावा धरून ठेवते. त्याऐवजीं घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां तरी बाहेर काढून वापरावा. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगांत कोळिष्टकासारखे तंतु दिसले, तर तो इतरांपासून वेगळा ठेवावा व जाणत्या कारागिराकडे न्यावा. घरीं खोलूं नये.

मुलाचें जावळ, मुलीची पाठवणी, वडिलांची शेवटची वारी हे प्रसंग दुसऱ्यांदा येत नाहींत. त्या वेळीं भिंग निर्मळ असावें, असें वाटत असेल, तर झांकण प्रथम, फुगा नंतर, आणि कापड सर्वांत शेवटीं, एवढा क्रम घरांत सर्वांनीं पाळावा.