सीताफळाच्या पानातली उडी

धारूरकडे जाताना बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाची झाडं पाहिलीत ना? बरीचशी आपोआप उगवलेली. पानांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही! बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचं कौतुक झालं, आता पानाकडे बघा. त्यात वीज खेळते!

घाबरू नका, शॉक बसणार नाही. विजेचा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनचं धावणंच ना? पानात तारा नसतात. ऊन पडलं की हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि शेजारच्या रेणूवर जातो, तिथून पुढच्या. बिंदुसरा नदी दगडांवरून उड्या मारत ओलांडावी, तसा. फक्त इथल्या दोन दगडांमधलं अंतर फार तर दीड नॅनोमीटर असतं, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पहिली उडी किती झटपट? सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा. त्यातल्या मोजक्या तुकड्यांत काम फत्ते. रिकामी झालेली जागा पाण्यातला इलेक्ट्रॉन भरून काढतो. पाणी फुटतं आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. हो, तुम्ही आत्ता नाकाने घेतलात तोच.

एवढी वेगवान उडी डोळ्यांनी कशी दिसणार? म्हणून ती कॉम्प्युटरवर घडवतात. प्रत्येक अणू कुठे आहे ते आधी कॉम्प्युटरला सांगायचं. अणू स्वस्थ बसत नाहीत, सारखे थरथरतात. कॉम्प्युटर ती थरथर क्षणाक्षणाने पुढे सरकवतो आणि दर वेळी तपासतो: इलेक्ट्रॉन इथे असताना ऊर्जा किती, पलीकडे गेल्यावर किती? दोन्ही आकडे जुळले, की उडीची संधी! ऊर्जा जुळली की उडी, ही कल्पना रुडॉल्फ मार्कस यांची. त्यांना 1992 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या गणितातून एक गंमतही निघाली. पलीकडची ओढ वाढली की उडी लवकर होते, पण ओढ अतिच वाढली तर उलट रेंगाळते. मला तर हे सगळ्यात आवडतं.

असल्या हिशोबांना महासंगणक लागतात. पुण्यात आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ नावाचा एक आहे. 2019 मध्ये परदेशातल्या शास्त्रज्ञांनी उन्हावर जगणाऱ्या एका जिवाणूच्या आतली इवलीशी पिशवी अणूअणूने कॉम्प्युटरवर उभी केली. त्या मांडणीत तब्बल 13 कोटी 60 लाख अणू होते!

अख्ख्या पानाचं असं गणित मात्र अजून कुणीच केलेलं नाही. गणिताचा तास आवडत असेल, तर ही जागा रिकामी आहे बरं का.